मृग लागतो, पण दिसत नाही

दरवर्षी ७ किंवा ८ जूनला मृग नक्षत्र लागते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर तोवर राब भाजून झालेले असतात, बियाणे काढून ठेवलेले असते आणि भात, नागली, वरईचा पेरा पहिल्या सरीसाठी खोळंबलेला असतो. यंदा मृगाचे वाहन बेडूक की म्हैस की कोल्हा, याची पंचांग पाहून चर्चा होते. त्या रात्री मृगाच्या चांदण्या बघायला मात्र कोणी अंगणात येत नाही. आले तरी हाती काही लागणार नाही, आभाळ अगदी स्वच्छ असले तरी. कारण मृग लागला याचा अर्थच असा, की पृथ्वीवरून पाहताना सूर्य त्या तारकांच्या दिशेला आला आहे. त्या सूर्याबरोबर उगवतात, त्याच्याबरोबर मावळतात आणि मधला सगळा वेळ त्याच्या उजेडात बुडून राहतात. हाच मृग डिसेंबरच्या मध्यावर मध्यरात्री माथ्याजवळ झगझगत असतो. पण तेव्हा शेतात त्याचे काही काम नसते.

आपल्या बहुतेक कालगणनेच्या मुळाशी अशी एखादी न दिसणारी गोष्ट असते आणि तिचा उगम पृथ्वीच्या गतींत असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती फिरते आणि तिच्या आसाची दिशाही अतिशय संथपणे वळत राहते. पहिली गती दिवसाची, दुसरी वर्षाची, तिसरी सुमारे २५,८०० वर्षांची. शाळेच्या पुस्तकात त्या एका पानावर उरकतात. पालघर जिल्ह्याच्या या दोन डोंगरी तालुक्यांत, विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम २० अंशांवर, तिन्हींचे पुरावे उघड्या डोळ्यांनी तपासता येतात.

सगळ्यात सोपी गती दिवसाची. तिच्यासाठी एक रात्र जागावी लागते, आणि रात्र जागण्याची सवय इथल्या गावांना आहे. उन्हाळ्यात मोखाडा आणि जव्हारच्या परिसरात बोहाडा होतो. देव-दानवांचे मुखवटे चढवलेली सोंगे वाद्यांच्या गजरात रात्रभर येत राहतात. एप्रिलच्या मध्यावर अशा रात्री आठ वाजता मृग पश्चिमेकडे उतरलेला असतो. साडेदहाच्या सुमारास तो मावळतो आणि जवळजवळ त्याच वेळी आग्नेयेला वृश्चिकेतली तांबूस ज्येष्ठा वर येते. मध्यरात्रीच्या आगेमागे सप्तर्षी ध्रुवाच्या वर पोचतात. पहाटे पाच वाजता शेवटची सोंगे नाचत असतात, तेव्हा वृश्चिक नैऋत्येकडे कललेला असतो आणि अभिजित उत्तरेला माथ्यापाशी येतो. चांदण्यांची ही मिरवणूक पुढे सरकत नसते. गाव, मैदान आणि बघणारी माणसे या अक्षांशावर ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललेली असतात.

हे सांगणारा आपल्याकडचा पहिला मोठा माणूस आर्यभट. इ.स. ४९९ च्या सुमारास त्याने नावेचे उदाहरण दिले: पुढे जाणाऱ्या नावेतून काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. हे त्याच्या नंतरच्यांना पचले नाही. ब्रह्मगुप्ताने ते खोडून काढले. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्याचे घराणे जोडलेले आहे, तो बारावे शतक गाजवणारा भास्कराचार्यही पृथ्वी स्थिर मानूनच गणित करत राहिला. गणित चुकले नाही हे विशेष. कोण फिरते आहे याने ग्रहणाच्या वेळेत फरक पडत नाही, म्हणून वाद शतकानुशतके रेंगाळू शकला. प्रत्यक्ष पुरावा १८५१ मध्ये पॅरिसमध्ये फुकोच्या लंबकाने दिला. झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते, कारण खालची जमीन वळत असते. असा लंबक पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतही आहे. ध्रुवावर ही फेरी एका दिवसात पूर्ण होते, पुण्यात सुमारे ७५ तास लागतात आणि जव्हारला टांगला तर सुमारे ७०.

याच गतीचा एक रोजचा, पण कोणाच्या लक्षात न येणारा परिणाम मनगटावरच्या घड्याळात आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची. जव्हार ७३ अंशांच्या थोडे पुढे. त्यामुळे जव्हारची खरी दुपार सरासरीने १२ वाजून ३७ मिनिटांनी होते. घड्याळात मध्यरात्र झाली तरी आकाशाची मध्यरात्र व्हायला अर्धा तास बाकी असतो.

कुठले तारे दिसणार आणि कुठले नाहीत, हे मात्र अक्षांश ठरवतो. ध्रुवतारा जव्हारहून क्षितिजाच्या वर फक्त २० अंशांवर दिसतो. हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की तो सापडतो. बालपणीच्या गोष्टींतला अढळ ध्रुव एवढा खाली पाहून बऱ्याच जणांची निराशा होते. तोही पूर्ण अढळ नाही, खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जरा जास्त अंतरावर त्याची बारीकशी फेरी चालू असते. सप्तर्षी लंडनमध्ये वर्षभर मावळत नाहीत. इथे ऑक्टोबरच्या मध्यरात्री ते क्षितिजाखाली गेलेले असतात.

उत्तरेकडे जे हातचे जाते ते दक्षिणेकडे परत मिळते. अगस्ती हा रात्रीच्या आकाशातला व्याधानंतरचा सर्वांत तेजस्वी तारा. फेब्रुवारीच्या पूर्वार्धात रात्री साडेनऊ-दहाला तो दक्षिणेला सतरा अंशांवर येतो. लंडनच्या मराठी कुटुंबाला तो घराच्या अंगणातून कधीच दिसणार नाही. मेलबर्नच्या कुटुंबाला अगस्ती आहे, पण ध्रुव नाही, आणि मृग उलटा. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास त्रिशंकू दक्षिण क्षितिजाला लागून उभा राहतो. त्याचा सर्वांत खालचा ठळक तारा जेमतेम सात अंशांवर. डोंगराची धार आडवी आली की तो गेला. सूर्यमाळसारख्या उंच, मोकळ्या जागेला इथे किंमत येते.

आता वर्षाची गती. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाते, त्यामुळे रात्रीची बाजू रोज थोड्या वेगळ्या दिशेला वळते. परिणामी प्रत्येक तारा आदल्या दिवसापेक्षा जवळजवळ चार मिनिटे लवकर उगवतो. महिन्याला दोन तास, वर्षाला पूर्ण चोवीस. महिन्यांची नावे यातूनच आली: पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, म्हणून चैत्रात तो चित्रेजवळ, कार्तिकात कृत्तिकांजवळ. म्हणजे एकाच पंचांगात महिने रात्री दिसणाऱ्या नक्षत्रावरून आणि पावसाची नक्षत्रे दिवसा लपलेल्या नक्षत्रावरून. ही दुहेरी व्यवस्था डोक्यात बसली की पंचांगाचे अर्धे गूढ संपते.

जव्हार-मोखाड्यात वर्षाच्या या फेरीत पावसाळा मोठा खड्डा पाडतो. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग धनू-वृश्चिकेकडे आहे आणि तो संध्याकाळी उत्तम दिसण्याचे महिने जून ते सप्टेंबर. नेमके तेव्हा इथे आभाळ भरलेले. ऑगस्टमधला ययातीचा उल्कावर्षावही ढगांच्या वरच होऊन जातो. धनूची आकाशगंगा पाहायची तर मार्च-एप्रिलच्या पहाटे उठावे, नाहीतर ऑक्टोबरात अंधार पडल्या पडल्या नैऋत्येला बघावे. उल्कांसाठी १३-१४ डिसेंबरची मिथुनेची रात्र हक्काची. तीही मध्यरात्रीनंतर अधिक चांगली, कारण तेव्हा आपली बाजू पृथ्वीच्या प्रवासाच्या दिशेला तोंड करून असते.

इथे एक खटकणारी गोष्ट सांगायला हवी. स्वच्छ, कोरड्या, तारे बघण्याच्या महिन्यांत या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे गावात नसतात. दिवाळीनंतर ती भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि काही होळीला, काही पावसाच्या तोंडावर परततात. सर्वांत काळ्या आकाशाखाली राहणारी मुले त्यातले उत्तम महिने शहरांच्या उजेडात काढतात.

ऋतू होतात ते आस २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे. हे पाठ सगळ्यांना असते, पाहिलेले थोड्यांनी असते. जव्हारचा सनसेट पॉइंट त्यासाठीच जणू बांधलेला आहे. २१ मार्चच्या सुमारास सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो. जूनमध्ये तो तिथून २५ अंश उत्तरेला जातो (दिसला तर), डिसेंबरात २५ अंश दक्षिणेला. एकूण पल्ला ५० अंशांचा, म्हणजे पाच मुठी. मार्चमध्ये तो रोज जवळपास आपल्या रुंदीएवढा सरकतो, डिसेंबरात आठवडाभर जागचा हलल्यासारखा वाटत नाही. पर्यटक तिथे एकदा येऊन फोटो काढून जातो. गावातल्या माणसाला वर्षभराचा सगळा हिशेब फुकट मिळतो.

दिवसाच्या लांबीतला फरक इथे मध्यम आहे. जूनमधला मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा, डिसेंबरमधला लहान ११ तासांना थोडा कमी. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो असे म्हणतात. खरे तर वाढ २२ डिसेंबरलाच सुरू झालेली असते. गंमत अशी की जव्हारमध्ये सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातच होऊन जातो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर येतो. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला. दोन्हींमुळे सूर्याचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे जाते. संक्रांतीला पहाटेची शाळा गाठणाऱ्या मुलाला दिवस मोठा झाल्याचे पटत नाही, आणि सकाळपुरते त्याचे बरोबरच असते.

तिसऱ्या गतीकडे वळले की मामला खरा रंगतो, कारण इथे आकाशाबरोबर माणसांची भांडणेही येतात. पृथ्वीच्या आसाची दिशा वळत असल्यामुळे विषुवबिंदू ताऱ्यांमधून मागे सरकतो: ७२ वर्षांत साधारण एक अंश. याला संपातचलन किंवा अयनचलन म्हणतात. सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवाच्या जागी कालेय तारकासमूहातला ठुबान होता. आणखी बारा हजार वर्षांनी तिथे जवळपास अभिजित असेल.

आपली संक्रांत सूर्याच्या खऱ्या उत्तरायणाला नव्हे, ताऱ्यांच्या चौकटीतल्या मकर राशीला बांधलेली आहे. म्हणून ती घसरत चालली आहे. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी ती उत्तरायणाच्या दिवशीच येई. आज दोन्हींत २४ दिवसांचे अंतर पडले आहे. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले तो संक्रांतीचा दिवस होता. आता ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. आणखी मागे गेले तर मराठी मनातल्या एका पक्क्या समजुतीला धक्का बसतो. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला संक्रांत कोसळली असे आपण म्हणत आलो. पण त्या काळी सूर्याचा मकरप्रवेश १०-११ जानेवारीच्या आसपास होत असे. युद्ध झाले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

महाराष्ट्रात या चलनाचा अभ्यास निव्वळ धार्मिक तिथींसाठी झाला नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये मराठीत लिहिला. तो आजही मागे पडलेला नाही. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे म्हटले आहे, याकडे त्यांनी बोट दाखवले. कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत, तो काळ गणिताने इ.स.पू. ३००० च्या आसपासचा निघतो. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’ ग्रंथात याच चलनाच्या आधारे वसंतसंपात (मार्चमधला विषुवबिंदू) मृगात असतानाचा, म्हणजे इ.स.पू. ४००० च्या मागेपुढचा काळ वेदांशी जोडला. वचनाचा अर्थ, त्याचे वय आणि निरीक्षणाची अचूकता यांवर विद्वानांत आजही एकमत नाही, आणि एका वाक्यावर एवढी मोठी इमारत उभारताना सावध राहिलेले बरे. पण दीक्षितांच्या युक्तिवादातला आकाशाचा भाग कोणालाही पडताळता येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अंधार पडताच जव्हारहून कृत्तिका उगवताना पाहाव्यात. आज त्या ठीक पूर्वेला येत नाहीत. तिथून जवळजवळ २६ अंश उत्तरेला येतात, जूनमधला सूर्य जिथे उगवतो साधारण तिथेच. पाच हजार वर्षांत उगवतीची जागा अडीच मुठींहून जास्त सरकली.

पंचांगवाल्यांचे भांडण याच मुद्द्यावर होते: ताऱ्यांची चौकट कुठून मोजायची? मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिला आणि पुढची तीन-चार शतके महाराष्ट्र त्याच्यावर चालला. एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्र्यांनी आकाशाशी जुळणारे गणित आणून १८६५ पासून पटवर्धनी पंचांग काढले. चौकट रेवती ताऱ्याला बांधणारा रेवती पक्ष आणि चित्रेला बांधणारा चित्रा पक्ष असे तट पडले. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा पक्षाचे. दोन पक्षांत सुमारे चार अंशांचा फरक आहे, म्हणून रेवती पक्षाच्या टिळक पंचांगातली संक्रांत आजही इतरांपेक्षा चारेक दिवस आधी येते आणि एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा पडून दिवाळीसुद्धा महिनाभराने हलते. मेघनाद साहांच्या समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला, २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली, तिचे वर्ष ऋतूंना बांधले गेले. ती सरकारी कागदाच्या कोपऱ्यात राहिली. घराघरांत टिकले ते भिंतीवरचे पंचांग.

आणि मृगाचे काय? तोही ताऱ्यांनाच बांधलेला. गणेश दैवज्ञाच्या काळी, आजच्या तारखांच्या हिशेबाने, मृग १ जूनच्या आसपास लागत असे. १,७०० वर्षांपूर्वी मेच्या मध्यावर. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. मृग आणि पाऊस यांची आजची जोडी चपखल बसते, पण ती आपल्या शतकांपुरती आहे. पाऊस कललेल्या आसाचे ऐकतो, ताऱ्यांचे नाही. दोन हजार वर्षांनी मृग जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागेल आणि तोवर भाताची रोपे हातभर झालेली असतील. म्हणून नक्षत्रांचा अंदाज टाकाऊ ठरत नाही: तेरा-चौदा दिवसांचे तुकडे पाडून पावसाळा लक्षात ठेवण्याची ती उत्तम सोय आहे. नक्षत्रामुळे पाऊस पडतो हे म्हणणे तेवढे सोडावे. वाहनाचे तर नावच नको.

ग्रहांच्या चालीवरही पृथ्वीची गती आपला ठसा उमटवते. मंगळ वक्री झाला म्हणून धास्तावणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की मंगळ मागे फिरत नाही. आतल्या कक्षेतली जलद पृथ्वी त्याला ओलांडून पुढे जाते. असे दर ७८० दिवसांनी घडते. १९ फेब्रुवारी २०२७ ला मंगळ सूर्याच्या बरोबर समोर, सिंहेत असेल. त्याच्या आधी-नंतर दीड-दोन महिने तिथल्या मघा ताऱ्याच्या संदर्भाने त्याची जागा वहीत टिपली की वक्रगती कागदावर उतरते.

हे सगळे पाहण्याची परंपरा इथे नव्याने आणावी लागत नाही. वारली लग्नात भिंतीवर काढल्या जाणाऱ्या चौकात सूर्य आणि चंद्र असतातच. विदर्भातल्या गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी केला. सप्तर्षी म्हणजे बाज आणि ती पळवणारे तीन चोर, मृगाच्या मधल्या तारका म्हणजे नांगर, अशी नोंद त्यांना मिळाली. जव्हार-मोखाड्यातल्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकर वस्त्यांवरच्या वृद्धांकडे अशीच नावे विचारण्याचे काम कोणा शिक्षकाने हाती घ्यावे. त्याला दुर्बीण लागत नाही.

लागतो तो अंधार, आणि तोच कमी होत आहे. जव्हारच्या पूर्वेला नाशिक, दक्षिण-नैऋत्येला मुंबई-ठाणे, वसई-विरार. मोखाड्याकडून वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि मुंबईचा उजेड इकडे येतो. त्याचा पहिला फटका दक्षिण क्षितिजालगतच्या ताऱ्यांना बसतो, म्हणजे अगस्ती आणि त्रिशंकू, जे या अक्षांशाचे खास वैभव आहे. स्थानिक दिवेही वाढत आहेत. त्यांतले बरेच रस्त्याइतकाच उजेड आकाशात फेकतात.

महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातल्या गावांतले दिवे बंद केले गेले नाहीत. जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसवले गेले. सनसेट पॉइंट, हनुमान पॉइंट आणि मोखाडा-खोडाळ्याच्या रस्त्यांवर एवढे करायला जव्हारच्या नगरपरिषदेला, मोखाड्याच्या नगरपंचायतीला आणि ग्रामपंचायतींना कोणाची मान्यता मागावी लागणार नाही. ते येत्या पावसाळ्याच्या आत व्हावे.